सुगीनंतरचे रान आणि मेंढरांची वैरण



व्याख्यानाचा विषय कळवा असे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा आम्ही ‘मेंढरांची वैरण’ असे लिहून पाठवले. पत्त्यात काही घोटाळा झाला की काय, अशी शंका त्यांना आल्याचे नंतर समजले. कामगार चळवळीतला माणूस बोनसवर बोलेल, महागाई भत्त्यावर बोलेल. मेंढरांचे त्याला काय? परंतु आम्ही ज्यांच्यात काम करतो त्यांत ऊसतोडणी मजूर आहेत, शेतमजूर आहेत आणि मेंढपाळही आहेत. मेंढपाळाला हजेरीपट नाही, मालक नाही, पगाराची तारीख नाही. त्याची मजुरी दुसऱ्याच्या शेतात, पीक घरी गेल्यावर मागे पडलेली असते. ती मेंढराने वेचायची आणि तिचे मटण, लोकर नि लेंडीखत करायचे. म्हणून वैरणीचा प्रश्न आमच्या दृष्टीने मजुरीचाच प्रश्न आहे आणि त्याच अंगाने आम्ही तो मांडणार आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झाले. तेव्हा पशुवैद्यकातील जाणत्यांनी आमची भाषा सांभाळून घ्यावी.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे सत्तावीस लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळशा माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला, पारनेर अशा कमी पावसाच्या मुलखातल्या. आपली दख्खनी मेंढी अंगाने लहान. मोठी झाली तरी पंचवीस-तीस किलोच्या आसपास. तिला दिवसाला साधारण किलोभर कोरडा चारा लागतो. म्हणजे शंभर मेंढरांच्या खांडाला रोज एक क्विंटल आणि महिन्याला तीस क्विंटल. हा हिशेब कागदावर मांडला म्हणजे धनगर गावात का थांबत नाही ते कळते. एवढी वैरण विकत घेऊन मेंढरू पाळणे परवडणारे नाही. म्हणून दिवाळी झाली की वाडा हलतो. कोणी भीमेच्या काठाने जातो, कोणी घाट उतरून कोकणातल्या भातखाचरांत जातो. घोड्यावर संसार लादण्याचे आणि उतरवण्याचे काम बहुधा बाईकडे असते. रोज घर बांधायचे आणि रोज मोडायचे, हे काम आठ तासांच्या कायद्यात कोणत्या रकान्यात बसते, हे आम्हांला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

आता मेंढराच्या पोटाकडे वळू. मेंढी हा रवंथ करणारा प्राणी. तिच्या पोटाच्या चार कप्प्यांतला पहिला मोठा कप्पा म्हणजे एक आंबवणाचे पिंप आहे. काडीतला जो भाग तुम्हांआम्हांला पचत नाही, तो या पिंपातले सूक्ष्म जंतू फोडतात आणि त्यातून मेंढीला शक्ती मिळते. खरे कामगार हे जंतूच. त्यांनाही खायला लागते आणि त्यांचे मुख्य खाणे म्हणजे नत्र, म्हणजे आपण ज्याला प्रथिने म्हणतो ते. चाऱ्यात प्रथिने सात टक्क्यांच्या खाली गेली की हे जंतू उपाशी पडतात, काडी फुटत नाही, पिंप रिकामे होत नाही आणि मेंढी पुढ्यात वैरण असूनही खाईनाशी होते. पोट भरलेले दिसते आणि अंग झडत जाते.

या एका गोष्टीवर पिकांच्या अवशेषांची सगळी प्रतवारी ठरते. गव्हाच्या काडात प्रथिने तीन टक्क्यांच्या आसपास, भाताच्या पेंढ्यात थोडी जास्त, ज्वारीच्या कडब्यात चार-पाच. उसाच्या वाढ्यांचेही तेच. ही सारी गवताच्या कुळातली मंडळी. पोट भरतील, पण जंतू पोसणार नाहीत. उलट भुईमुगाचा पाला चांगला वाळवलेला असेल, पाने गळून गेली नसतील, तर त्यात दहा टक्क्यांच्या वर प्रथिने असतात. तुरीच्या भुसकटात पानाचा आणि शेंगेच्या टरफलाचा भाग जास्त असला तर तेही या रांगेत बसते. हरभऱ्याचे भुसकट त्याखालचे. सोयाबीनचे कुटार आणखी खालचे, कारण त्यात लाकूड फार. तेव्हा कडबा एकटा घालू नये. निम्मा कडबा आणि निम्मे तुरीचे वा भुईमुगाचे, असे मिश्रण केले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. धनगर हे पुस्तकाविना जाणतो: ज्वारीच्या रानातून निघालेले खांड तो वाटेत तुरीच्या रानात घालतो.

येथे प्रयोगशाळेच्या आकड्याला एक दुरुस्ती केली पाहिजे. प्रयोगशाळेत संपूर्ण काडी दळून तपासतात. मेंढरू संपूर्ण काडी खात नाही. त्याचे ओठ बारीक आणि हलते. ते पान वेचते, शेंडा वेचते, टरफल वेचते, मातीत पडलेला दाणा उचलते आणि जाड देठ सोडून देते. म्हणून मोकळ्या रानात त्याच्या पोटात जाणारी वैरण ही त्या रानाच्या सरासरीपेक्षा चांगली असते. दावणीला बांधून लांब कडबा टाकला तर हेच मेंढरू निम्मा तुडवते. अशा वेळी कडबाकुट्टी वापरावी, गव्हाणीत घालावे, आणि मेंढरांनी उष्टी टाकलेली देठे बैलाला किंवा म्हशीला द्यावीत, ती खातात.

गव्हाचे काड किंवा पेंढा सुधारण्याचा युरियाचा उपाय आपण ऐकला असेल. शंभर किलो कुट्टीला चार किलो युरिया, पन्नास लिटरच्या आसपास पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून ताडपत्रीखाली हवाबंद करायचे आणि तीन आठवड्यांनी उघडायचे. आत अमोनिया तयार होतो. त्याने काडी मऊ पडते आणि नत्रही वाढते. खाऊ घालण्यापूर्वी ते पसरून वास उडू द्यावा आणि कोकरांना देऊ नये, कारण त्यांचे पिंप अजून चालू झालेले नसते. उपाय खरा आहे. परंतु तो घर असलेल्याचा उपाय आहे. ज्याचा मुक्काम दर दोन दिवसांनी बदलतो त्याने तीन आठवडे ताडपत्री कोठे ठेवायची?

धोके मात्र फिरस्त्यालाही चुकत नाहीत आणि त्यांबद्दल थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे. एका रात्रीत दहा मेंढरे गेली म्हणजे त्या घराचे वर्ष जाते. पहिला धोका दाण्याचा. मळणीच्या जागी किंवा मक्याच्या रानात दाणा सांडलेला असतो. उपाशी खांड त्यात शिरले की पोटात एकदम आंबट तयार होते आणि मेंढरू लोळू लागते. आधी थोडी काडी खाऊ घालून मगच रानात सोडावे आणि पहिल्या दिवशी लवकर बाहेर काढावे. दुसरा धोका ज्वारीच्या फुटव्याचा. कापलेल्या बुडख्यातून अवेळी पावसाने कोवळे कोंब येतात. पाण्याचा ताण पडलेल्या त्या कोंबांत जहाल विष असते आणि मेंढरू बघता बघता जाते. तिसरा उसाच्या वाढ्यांचा. वाढ्यांतले ऑक्झलेट अंगातला चुना बांधून टाकते. चार दिवसांत काही बिघडत नाही. महिनोन्महिने फक्त वाढेच घातले तर हाडे आणि दूध दोन्ही खचतात. चुन्याची निवळी शिंपडावी, क्षारमिश्रण द्यावे, आणि वाढ्यांबरोबर दुसरे काही जरूर घालावे.

चौथा धोका द्राक्षबागांचा. नाशिक-सांगलीकडे छाटणीनंतर हिरव्या पाल्याचे ढीग पडतात आणि मेंढरे त्यावर तुटून पडतात. बागायतदारही आनंदाने बोलावतो. त्याची बाग साफ होते. परंतु त्या पाल्यावर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, फवारलेले असते. मोरचूद म्हणजे तांबे. हे तांबे गाईला जेवढे सोसते तेवढे मेंढीला सोसत नाही. ते तिच्या काळजात साठत जाते, आठवडेच्या आठवडे काही दिसत नाही, आणि मग एके दिवशी लघवी लालकाळी होऊन मेंढी मरते. तोपर्यंत वाडा तीन गावे पुढे गेलेला असतो आणि दोष तिसऱ्या गावच्या पाण्याला दिला जातो.

आणखी एक गोष्ट. भुसकट कोरडे, किलोभर खाल्ले की दोन ते तीन लिटर पाणी लागते. रान मिळाले आणि पाणी मिळाले नाही, तर ते रान मिळून उपयोग नाही. आणि गाभण मेंढीला केवळ अवशेषांवर ठेवू नये. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. त्यातल्या शेवटच्या दीड महिन्यात कोकराची बहुतेक वाढ होते. त्या वेळी आणि पुढे दूध पाजताना पाव किलोच्या आत-बाहेर पेंड, चुनी किंवा भरडा दिलाच पाहिजे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. काम मोठे आहे. परंतु पोटात दोन कोकरे असलेल्या मेंढीला एका कोकराची वैरण घालून चालत नाही, आणि कडब्यावर तर नाहीच नाही.

आता मूळ प्रश्न. हे सुगीनंतरचे रान कोणाचे? सातबारा पाहिला तर उत्तर सोपे आहे. पण आमच्या लहानपणी शेतकरी धनगराला आपण होऊन बोलावी, वाघर लावून रात्री मेंढरे शेतात बसवी, आणि खताच्या बदल्यात वर धान्य मोजून देई. भुसकट त्या व्यवहारात धरलेलेही नसे. आज आम्ही बागायती भागात उलटा व्यवहार पाहतो: धनगरच रानाचे पैसे मोजतो. कारण उघड आहे. पाणी आले, रान वर्षभर पिकाखाली राहू लागले, ज्वारीचा पेरा घटला, कापणी-मळणी यंत्राने होऊ लागली. आणि ज्याला काल कचरा म्हणत होते त्याला गिऱ्हाईक आले. साखर कारखान्यात हे आम्ही आधी पाहिले. चिपाड बॉयलरमध्ये जाऊन त्याची वीज झाली, मळीचे इथेनॉल झाले. वाढे तेवढे तोडणी मजुराकडे राहिले. त्याचे बैल त्यावर जगतात आणि उरलेल्या मोळ्या विकून त्याचे रोजचे मीठमिरची चालते. ती मोळी कोणी हिशेबात धरीत नाही, म्हणून ती जाईल तेव्हाही कोणी मोजणार नाही.

भुसकटाचे तेच होऊ घातले आहे. २०२१ साली केंद्राच्या ऊर्जा खात्याने औष्णिक वीज केंद्रांना कोळशाबरोबर पिकांच्या अवशेषांच्या कांड्या जाळणे बंधनकारक केले. काड शेतातच पेटवून धूर करण्यापेक्षा हे बरे, हे आम्ही नाकारीत नाही. तुराट्या घ्या, पऱ्हाट्या घ्या. मेंढरू त्या खात नाही. परंतु तुरीचे भुसकट आणि भुईमुगाचा पाला भट्टीत घालणे म्हणजे पंगतीचे ताट चुलीत सारण्यासारखे आहे. खरेदी करणाऱ्यांनी काटक्या आणि भुसकट असा भेद करावा, एवढी आमची मागणी आहे, आणि ती अमलात आणायला कठीण नाही. मळणीयंत्र हा भेद पुष्कळसा आधीच करते.

शेतकऱ्याशी आमचे भांडण नाही. त्याचाही कडबा ही त्याची ठेव आहे, आणि उभ्या पिकात मेंढरे घुसली की तो चिडणारच. आम्ही आमच्या सभासदांना सध्या एवढेच करायला लावतो: रान ठरवताना कागदावर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. किती दिवस, किती मेंढरे, रात्री बसवणार की नाही, पाणी कोठले, आणि त्या रानावर शेवटची फवारणी कोणत्या तारखेला कशाची झाली. ही पाचवी ओळ लिहायला शेतकरी प्रथम कुरकुरतात. औषधाचे नाव आठवत नाही म्हणतात. मग बांधावर पडलेली रिकामी बाटली शोधून तिच्यावरचे नाव उतरून घ्यावे लागते. आमच्या तरुण कार्यकर्त्या मुली हे काम मोबाइलवर चित्र काढून झटपट करतात. भाव ठरवण्याचे काम मात्र अजून ज्याच्या त्याच्या जिभेवरच चालू आहे; गावोगाव एक दर बांधायचा तर वाडे एकत्र बसले पाहिजेत, आणि ते एका जागी सापडतात फक्त पावसाळ्यात. त्यामुळे ही बैठक आषाढात माणदेशात घ्यायची असे ठरले आहे.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखला आहे असे अध्यक्षांनी खुणावले आहे. तेव्हा येथे थांबतो.