झाकण उघडल्यावर



परवा शेजारची एक विद्यार्थिनी तिचा लॅपटॉप घेऊन घाईघाईनं माझ्याकडे आली. रात्री प्रबंधाचं प्रकरण उघडंच ठेवून तिनं झाकण मिटलं होतं. सकाळी उघडलं, तर पडदा काळा. पंखा फिरत होता, चार्जिंगचा दिवा लागलेला होता, पण पडद्यावर अक्षर नाही. ती पॉवरचं बटण दाबून धरणार, एवढ्यात मी तिला थांबवलं आणि कॅप्स लॉक दाबायला सांगितलं. त्या किल्लीवरचा बारीक दिवा लागला. पुन्हा दाबल्यावर विझला. म्हणजे यंत्र जागं होतं, तिचं प्रकरण मेमरीत शाबूत होतं. उठला नव्हता तो फक्त ग्राफिक्सचा भाग. तिच्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ 3 एकदम दाबून दुसऱ्या कन्सोलवर गेलो, तिथून परत मूळ जागी आलो, आणि पडदा उजळला. पोरीनं आधी फाइल सेव्ह केली, मग चहा घेतला.

हे असं का होतं, ते आज सांगायचं आहे. कारण ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांचं सगळ्यात किचकट काम याच ठिकाणी असतं, आणि ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर 1996 मध्ये एसीपीआय नावाचं मानक प्रसिद्ध केलं. संगणकानं झोपायचं कसं आणि उठायचं कसं, याचे नियम त्यात आहेत. झाकण मिटल्यावरची झोप म्हणजे बरीच वर्षं त्यातली एस-3 अवस्था. या झोपेत जवळजवळ सगळ्यांची वीज तोडली जाते. रॅमला मात्र आतला मजकूर टिकून राहील एवढीच वीज मिळत राहते. ग्राफिक्स कार्डाला तीही मिळत नाही. त्याची स्वतःची मेमरी पुसली जाते. घड्याळाचा वेग, पडद्याची मापं, मेमरीचे पत्ते ज्या रजिस्टरांत लिहिलेले असतात, तीही कोरी होतात. उठल्यावर ते कार्ड कारखान्यातून नुकतं आल्यासारखं असतं. इकडे प्रोसेसरला आणि तुमच्या प्रोग्रॅमना मात्र वाटत असतं की मध्ये काहीच घडलेलं नाही. या दोघांची गाठ घालून द्यायची, ती ड्रायव्हरनं.

त्यासाठी झोपण्याआधी कार्डाच्या मेमरीतलं सामान रॅममध्ये हलवावं लागतं. खिडक्यांची चित्रं, खेळांचे पोत, व्हिडिओच्या चौकटी, सगळं. रजिस्टरांची नोंद ठेवावी लागते. कार्डाला दिलेली कामं पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. उठल्यावर सगळं उलट्या क्रमानं. यात क्रमाला फार महत्त्व आहे. एक उदाहरण देतो. आजच्या कार्डांना चालू होताना फर्मवेअर लागतं आणि ते डिस्कवरच्या फाइलमध्ये असतं. उठताना ड्रायव्हरनं ती फाइल मागितली आणि डिस्क अजून उठलीच नसली, तर कार्ड डिस्कची वाट पाहत बसतं आणि पडदा कार्डाची. म्हणून ते फर्मवेअर झोपण्याआधीच रॅममध्ये आणून ठेवायचं असतं. दुसरं उदाहरण सामान हलवण्याचं. रॅममध्ये जागा कमी पडली, तर काही भाग डिस्कवर सरकवावा लागतो. पण तोवर डिस्क झोपवून झाली असेल तर? म्हणून लिनक्समधल्या एएमडीच्या ड्रायव्हरनं हे काम अगदी पहिल्या, तयारीच्या पायरीवर आणलं. जागा नसेल तर तिथेच नकार द्यायचा आणि झोप रद्द करायची. माझ्या मते हा फार शहाणपणाचा बदल आहे. अर्धवट झोपलेल्या यंत्रापेक्षा झोपायला नकार देणारं यंत्र केव्हाही बरं.

लिनक्सवर तर एके काळी पडदा परत येणं हा नशिबाचा भाग होता. तेव्हा ग्राफिक्स कार्ड कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ताब्यातच नव्हतं. पडद्याचा मोड ठरवणारा एक्स सर्व्हर हा कर्नलच्या बाहेरचा एक प्रोग्रॅम. यंत्र उठे, पण कार्डावर काय लिहायचं हे कर्नलला ठाऊक नसे. मग लोक कार्डावरचं बायॉस पुन्हा चालवून पाहत, बूट होताना निरनिराळे पर्याय देऊन बघत, आणि कोणत्या लॅपटॉपवर काय चालतं याच्या याद्या ठेवत. मार्च 2009 मध्ये लिनक्सची 2.6.29 ही आवृत्ती आली. तिच्यात इंटेलच्या ग्राफिक्ससाठी मोड ठरवण्याचं काम कर्नलमध्ये आलं. त्याच वर्षी रेडिऑन कार्डांचंही आलं. ज्याच्या हाती झोप, त्याच्याच हाती पडदा, अशी व्यवस्था झाली, आणि झाकण उघडल्यावरचा काळोख बराच कमी झाला.

हायबरनेशन हे एस-3 झोपेहून अवघड. यात रॅमचाही भरवसा नाही. सगळी अवस्था डिस्कवर लिहून वीज पूर्ण बंद. भारनियमन असलेल्या गावात, बॅटरी संपत आली असताना, हीच झोप कामाची. पण रॅमचं चित्र आधी रॅममध्येच तयार होतं, म्हणून लिनक्समध्ये त्यासाठी साधारण निम्मी रॅम मोकळी लागते. आता 8 जीबी मेमरीचं कार्ड काठोकाठ भरलेलं आहे आणि संगणकाची रॅम 16 जीबी आहे असं धरा. कार्डातलं सामान आणलं की निम्मी रॅम तिथेच संपली. बाकी सगळं कुठे ठेवायचं? काही डिस्कवर सरकतं, आणि तेही जमलं नाही तर हायबरनेशन रद्द होतं. शिवाय ते चित्र डिस्कवर लिहायला डिस्क चालू हवी. म्हणून आधी सगळी उपकरणं थांबवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा चालू करायची, लिहून झालं की शेवटची बंद करायची. ग्राफिक्स ड्रायव्हरला या सगळ्या फेऱ्यांतून जावं लागतं.

खरी कसोटी उठताना. नाटकाच्या दौऱ्याची कल्पना करा. कंपनी पुढच्या गावच्या नाट्यगृहात पोहोचते, आणि रंगमंचावर आधीच कुणीतरी दिवे लावून, पडदे टांगून ठेवलेले आहेत. हायबरनेशनमधून उठताना तसंच होतं. संगणक चालू केल्यावर आधी एक ताजं कर्नल उभं राहतं. ते आपला ग्राफिक्स ड्रायव्हर चालवतं, कार्ड आपल्या पद्धतीनं मांडतं, डिस्कवरचं जुनं चित्र वाचतं आणि मग त्या जुन्या कर्नलला जागा देऊन निघून जातं. जुन्या ड्रायव्हरच्या वहीत कार्डाची एक मांडणी, समोर दुसरीच. इथे जो ड्रायव्हर वहीवर विसंबला, तो फसला. जो समोरचं काहीच गृहीत न धरता सगळं पहिल्यापासून मांडतो, तोच टिकतो.

आणि चूक सापडणार कशी? पडदा गेला म्हणजे चूक सांगायची जागाच गेली. 2006 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी यावर एक विलक्षण उपाय केला. यंत्र अडकल्यावर रीबूट करूनही जे आपला आकडा सोडत नाही, असं काय उरतं? तारीख-वेळ सांभाळणारं, बॅटरीवर चालणारं छोटं घड्याळ. उठताना प्रत्येक पायरीवर त्या घड्याळातच खूण लिहायची! रीबूट केल्यावर तारीख भलतीच दिसते, पण त्या तारखेतून कर्नल ओळखतं की शेवटी कोणत्या उपकरणाशी गाडी अडली. घड्याळ पुढे सरकत असल्यानं रीबूट मात्र तीनेक मिनिटांत करावं लागतं. ही युक्ती समजली तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता थक्क होऊन बसलो होतो. तेव्हापासून कुठलाही नवा ड्रायव्हर आला, की तो किती वेगवान हे पाहण्याआधी मी गजर लावून रात्रभर यंत्राला झोपवतो आणि उठवतो. शंभरदा उठलं तर ठीक. नव्याण्णव वेळा उठलं, तर तो ड्रायव्हर माझ्या लेखी अजून कच्चा.

अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये एस-3 राहिलेलीच नाही. तिथे यंत्र नावापुरतं जागं असतं आणि प्रत्येक उपकरणानं आपापली वीज कमी करायची असते. ग्राफिक्सच्या भागानं ती केली नाही, तर लॅपटॉप पिशवीतल्या पिशवीत तापतो आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळते.

तुमच्या बाबतीत असं झालं, तर एक विनंती आहे. बटण दाबून धरण्याआधी कॅप्स लॉक पाहा. विंडोज असेल तर विंडोजची किल्ली, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. लिनक्स असेल तर दुसऱ्या कन्सोलवर जाऊन या. आणि एवढ्यावर सोडून देऊ नका. हे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांकडे जगातला प्रत्येक लॅपटॉप नसतो, तुमचा तर नसतोच. लॅपटॉपचं मॉडेल, ड्रायव्हरची आवृत्ती, झाकण मिटताना बाहेरचा मॉनिटर जोडलेला होता का, हे लिहून त्यांना कळवा. आणि कॅप्स लॉकचा दिवा लागत होता की नाही, ते पहिल्याच ओळीत लिहा.