जुन्या बंदुकीवरील मुलामा : ओळख आणि जोपासना

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांत खंडेनवमीस तलवार, कट्यार वा ठासणीची बंदूक पूजेत मांडली जाते. या वडिलोपार्जित वस्तूंच्या जोपासनेविषयी दोन शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही या विषयातील पंडित नव्हे. चुकून शहाणे झालेले गृहस्थ आहोत.

आमच्या घरी पणजोबांची टोपीची रायफल आहे. घोडा ज्या पोलादी पट्टीवर बसविलेला असतो, त्या पट्टीवर पांढरा मुलामा होता आणि त्यावर मोडीत चार अक्षरे कोरलेली होती. घरात लग्नकार्य निघाले, तेव्हा मुलामा डागाळलेला दिसतो म्हणून आम्ही ती पट्टी शहरातील एका कारागिराकडे दिली. पट्टी आरशासारखी लखलखीत होऊन परत आली. आमच्या आजीने तिच्यावरून बोट फिरविले आणि विचारले, “अक्षरे कुठे आहेत?” ती पॉलिशच्या चाकाखाली गेली होती. त्या अक्षरांची नक्कल कोणीच करून ठेवली नव्हती. तो प्रश्न आजही आमच्या कानांत आहे.

म्हणून प्रथम मुलामा ओळखावा. जुन्या काळी पाऱ्याच्या साह्याने सोने चढवीत, किंवा कोफ्तगिरीत लोखंडावर बारीक रेघा पाडून सोन्याची तार ठोकून बसवीत. विजेने सोने-चांदी चढविण्याचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० साली घेतले. निकेलच्या मुलाम्याचे पेटंट बॉस्टनच्या आयझॅक ॲडम्स यांना १८६९ साली मिळाले. क्रोमियमचा मुलामा तर १९२० नंतरच्या दशकात बाजारात आला. तेव्हा १८५५ च्या सुमाराच्या बंदुकीवर क्रोमियम दिसले, तर ते मागाहून चढविलेले आहे, हे उघडच आहे.

रंगावरूनही बोध होतो. चांदी हवेतील गंधकामुळे काळवंडते. निकेलची झाक किंचित पिवळसर असते व ते कालांतराने मंद पडते. क्रोमियम निळसर चमकते. झिजलेल्या कडा भिंगाने पाहाव्यात. तेथे तांबूस थर दिसल्यास मुलाम्याखाली तांबे आहे असे समजावे. नळीवरील निळसर वा तपकिरी रंग मात्र मुलामा नव्हे. तो लोखंडावरच मुद्दाम आणलेला गंज-थर होय. त्याला गंज समजून घासणे म्हणजे मूळ रूप घालविणे होय.

आता जोपासना. सर्वांत आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. ठासणीच्या बंदुकीत शंभर वर्षांपूर्वीची दारूही राहिलेली असू शकते, आणि ती पेट घेऊ शकते. तोंड कोणाकडेही न रोखता नळीत लाकडी काठी अलगद घालावी व तिची आतील लांबी बाहेरून नळीच्या मागील टोकापर्यंत ताडून पाहावी. काठी अलीकडेच अडली, तर आत काही आहे असे समजून हात काढून घ्यावा आणि जाणत्या बंदूक-कारागिराला बोलवावे. परवान्याची कागदपत्रेही १९५९ च्या शस्त्र अधिनियमास धरून असावीत.

चिंच, लिंबू, राख आणि पितळेचे पॉलिश यांपैकी काहीही वापरू नये. आंबट पदार्थ धातू खातात, राख व पॉलिश मुलामा झिजवितात, आणि अमोनिया असलेले द्रव फटींतून खालच्या तांब्यापर्यंत पोचून मुलामा सोडवितात. मऊ सुती कापडाने धूळ पुसावी. गंजाचा ठिपका असेल तेथे यंत्राचे पातळ तेल एक थेंब लावून काही तास ठेवावे व लाकडी काडीने हलकेच उचलून काढावे; दस्त्याच्या लाकडास तेल लागू देऊ नये. शेवटी उत्तम मेणाचा पातळ थर द्यावा. उघड्या हाताचा घाम खारट असल्याने सुती हातमोजे घालावेत. कातडी म्यानात अथवा लोकरी कापडात गुंडाळून ठेवल्यास ओल धरते. पावसाळ्यात विशेष जपावे.

पूजेविषयीही विनंती आहे. ओले हळद-कुंकू व नारळाचे पाणी थेट धातूवर पडू देऊ नये. शस्त्राजवळ सुपारी ठेवून तिच्यावर वाहावे, किंवा पूजेनंतर त्याच संध्याकाळी कोरड्या कापडाने पुसून घ्यावे. याने श्रद्धेस उणेपणा येत नाही. उलट पूज्य वस्तू टिकते.

शेवटचे एकच. घरी परतल्यावर त्या शस्त्रावरील खुणा, अक्षरे व आकडे यांची नक्कल कागदावर उतरून ठेवा, वृद्धांना त्यांचा अर्थ विचारा, आणि मगच कोणाच्या हाती ते द्या. चकाकी केव्हाही आणता येते. पूर्वजांचे नाव पुन्हा कोरून आणता येत नाही.