सायकलवरचा संसार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला ‘प्रवास’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. माझा प्रवास तो केवढा! माहेराहून चिमूर, चिमूरहून नागपूर आणि एकदा पंढरपूर. म्हणून मी आज दुसऱ्याच एका जोडप्याचा प्रवास सांगणार आहे. माझ्या मुलीने तो मला वाचून दाखविला आणि तांदूळ निवडता निवडता मी ऐकला.

सायकलवरून जग पाहणारे आपल्या महाराष्ट्रातही झाले आहेत. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे जगाला फेरा घालून १९२८ साली परत आले. पण ते सारे पुरुष. नवरा-बायकोने मिळून असे काही केले काय, हा माझा प्रश्न होता. तेव्हा फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन यांची हकीकत कळली.

हे जोडपे अमेरिकेचे. विल्यम डॉक्टर होता. प्रकृतीमुळे त्याने धंदा सोडला आणि १८८९ साली ती मंडळी जर्मनीत राहावयास गेली. सायकल त्या काळी नवीच होती. सारखी दोन चाके, मध्ये साखळी, आणि १८८८ पासून हवेचे टायर. या दोघांनी दोन सायकली घेतल्या. नवरा हाकतो आहे आणि बायको मागे कॅरिअरवर पदर सावरीत बसली आहे, असे नव्हे बरे का! तिची सायकल तिची, तिचे पाय तिचे. युरोप झाला, आफ्रिकेतला अल्जेरिया झाला, स्पेन झाला. अंगावर लांब झगा, बरोबर कुत्र्यांना हाकलायला चाबूक, आणि बाई चालली आहे.

१८९७ च्या अखेरीस ती दोघे सिलोनमार्गे आपल्या देशात उतरली. दक्षिणेच्या टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जुनी देवळे पाहत ती फिरली. या प्रवासावर दोघांनी मिळून लिहिलेले पुस्तक १९०४ साली निघाले. त्याच्या नावातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे, म्हणजे आपले साडेबावीस हजार किलोमीटर. तो काळ प्लेगाचा आणि दुष्काळाचा. रस्ते कच्चे, मुक्कामाला डास आणि उंदीर. एखाद्या दिवशी तर टायर चाळीस चाळीस वेळा पंक्चर होई. बाभळीचा काटा देशी पाहत नाही, विलायती पाहत नाही! प्रत्येक वेळी खाली उतरायचे, ट्यूब काढायची, भोक शोधायचे, ठिगळ लावायचे आणि पुन्हा निघायचे. आपण गोधडीला ठिगळ लावतो त्यापेक्षा हे काही वेगळे काम नाही. चिकाटी तीच.

पुढे त्यांनी हिमालयात मोहिमा काढल्या. १९०६ साली काश्मीरकडील नून-कून डोंगरात फॅनीबाई सुमारे ६९३० मीटर उंचीच्या शिखरावर चढल्या. तेव्हा त्यांचे वय ४७ होते. आपण चाळिशी उलटली की ‘आता काय राहिले’ म्हणतो! १९१२ साली सियाचीनच्या बर्फावर उभे राहून त्यांनी स्त्रियांना मताचा हक्क द्या असे छापलेले वर्तमानपत्र हातात धरले आणि फोटो काढून घेतला. अमेरिकेतील सर्व राज्यांतल्या स्त्रियांसाठी तो हक्क पुढे १९२० साली घटनेत आला.

मला सर्वांत आवडली ती त्यांची एक रीत. मोहिमेचे पुढारीपण दोघे आळीपाळीने करीत. एका वर्षी ती पुढारी, तो फोटो आणि शास्त्राची कामे पाही. दुसऱ्या वर्षी तो पुढारी, आणि ही कामे तिच्याकडे. आपल्या घरी असे एक वर्ष कोणी मागून तर पाहा!

आता तुम्ही मनात म्हणत असाल, की बाई, हिची मुलेबाळे कोण पाहत होते? प्रश्न रास्त आहे. त्यांचा मुलगा १८९३ साली लहानपणीच वारला. मुलगी रेचल दूर शाळेत राहून शिकली. ती पुढे भूगर्भशास्त्राची जाणकार झाली, पण आईच्या मांडीवर ती किती दिवस बसली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. दुसरे असे, की बाईंच्या बापाची गडगंज इस्टेट होती. तिसरे, त्यांचे ओझे वाहणाऱ्या हमालांशी ही दोघे कडक वागत आणि कित्येक हमाल त्यांना सोडून गेले. गुण घ्यावा आणि दोष ओळखावा. दुसऱ्याच्या पाठीवर ओझे देऊन मिळविलेल्या मोकळीकीची मला तरी हौस नाही.

पण पैसा आणि गोरी कातडी यांच्याशिवायही हे होते. पुण्याची वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास, एकटीने जगाला सायकलफेरा घातला. १५९ दिवस आणि सुमारे २९,००० किलोमीटर. कॅनडात तिच्यामागे अस्वल लागले, स्पेनमध्ये चोरांनी सुरा दाखवून लुटले. तरी पोरीने फेरा पुरा केला.

मी सातवी शिकलेली आहे. आमच्या गावी शाळा तेवढीच होती. पुढची शाळा दूर. घरात सायकल एक, ती भावाची. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. मुलीला सायकल द्यावी, हे कोणाला सुचलेच नाही. मला जग फिरायचे नव्हते हो. मला फक्त आठवीत जायचे होते.

आज दिवस बदलले आहेत. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. पण सायकल मिळाली म्हणजे मुलगी शाळेत पोचली असे होत नाही. आपल्या भागात कितीतरी घरी पोरीच्या नावाची सायकल बाप वावरात नेतो आणि पोर घरी बसते. कारण विचारले तर म्हणतात, वाघ.

वाघाची भीती खोटी नाही. ताडोबा आपल्या उशाशी आहे. मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला गेलेल्या बायांचे काय झाले, हे या मांडवात कोणाला सांगायला नको. म्हणून पोरीला एकटी, अंधारात पाठवा असे मी म्हणणार नाही. पण त्याच रस्त्याने मुलगा जातो तेव्हा वाघ नसतो काय? भीती खरी असेल तर उपायही खरा शोधू. फक्त पोरीचीच शाळा सोडविणे हा उपाय नव्हे.

माझे मंडळाला तीन गोष्टींचे मागणे आहे. पहिली, एका रस्त्याच्या मुलींनी पाच-सहा जणी मिळून, ऊन पडल्यावर, घंट्या वाजवीत जावे. शाळेची वेळ आड येत असेल तर आपण सर्व जणींनी जाऊन मुख्याध्यापकांना विनंती करावी. दुसरी, मंडळात एक पंप आणि पंक्चरचे सामान ठेवावे आणि ते काम मुलींना शिकवावे. तिसरी थोडी लाजेची आहे. आपण आयांनीही सायकल शिकावी. रोज संध्याकाळी मैदानावर अर्धा तास. पडू, हसतील लोक. हसू द्या! ज्या चिमूरच्या बायांनी १९४२ साली एवढा छळ सोसूनही नागपूरहून आलेल्या भगिनींपुढे तोंड उघडून आपले हाल सांगितले, त्या गावाच्या लेकी-सुना लोकांच्या हसण्याला भिणार काय?

आई स्वतः सायकलवर बसली, की पोरीची सायकल वावरात नेताना बाप दोनदा विचार करील, असा माझा अदमास आहे. माझे नाव यादीत पहिले लिहा. सोमवारपासून मी मैदानावर येते. सायकल मुलीची आहे, तिची परवानगी मी काढली आहे.