चिपच्या दारावरचा पहारा



मी बी.ए., बी.एड., भाषेचा शिक्षक. तरी आज चिपविषयी बोलणार आहे, कारण एका विद्यार्थ्याचे मी देणे लागतो.

विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने रेडिओ जुळवला होता. जानेवारीतली कोरडी सकाळ. नायलॉनचा स्वेटर काढून त्याने एरियलला हात लावला आणि रेडिओ मुका झाला. “हाताला वळण नाही तुझ्या,” असे मी त्याला चारचौघांत बोललो. पुढे विज्ञानाच्या सरांनी सांगितले, की हे काम बहुधा स्थिर विजेचे.

अशा हवेत आपल्या अंगावर दोन-तीन हजार व्होल्ट सहज साठतात, आणि तेवढी ठिणगी आपल्याला जाणवतही नाही. चिपच्या ट्रान्झिस्टरमधला निरोधक थर मात्र १८० नॅनोमीटरच्या तंत्रात जेमतेम ४ नॅनोमीटर जाडीचा! तो थोडक्या व्होल्टने फुटतो.

म्हणून चिपच्या कडेला जेथे बाहेरची तार जोडतात, त्या प्रत्येक पॅडपाशी पहारा ठेवतात. आपला नीरा डावा कालवा डोळ्यांपुढे आणा. पाणी फार झाले, तर ते शेतात शिरण्याआधी ओढ्याला सोडावे लागते. तसे येथे दोन डायोड असतात. एक जादा वीज वरच्या पुरवठ्याच्या वाहिनीकडे वळवतो, दुसरा खालच्या जमिनीच्या वाहिनीकडे. या दोन वाहिन्यांमध्ये एक क्लॅम्प. तो क्षणभर उघडतो आणि मिटतो.

डिजिटल पॅडला केवळ शून्य की एक एवढेच ओळखायचे असते, म्हणून वाटेत रोध घातला तरी सहसा भागते. अॅनालॉग पॅडचे तसे नाही. एरियलकडून येणारा संदेश व्होल्टच्या लाखाव्या हिश्श्याएवढाही असतो. रोध घातला तर त्यात खरखर मिसळते. डायोड मोठा केला तर त्याची धारकता उच्च वारंवारतेचा संदेश गिळते, आणि त्यातून झिरपणारी वीज नाजूक मापन बिघडवते. पहारा लहान ठेवला तर चिप जळते. हा हिशेब आराखड्यातच करावा लागतो, मागाहून ठिगळ लावता येत नाही.

याच विषयावर आयआयटी मुंबईत संशोधन झाले आहे. विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिप मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार करून मिळतात. बारामतीत अभियांत्रिकीला इलेक्ट्रॉनिक्सची शाखा आहे. पालकहो, मुलीने ती मागितली तर निदान “हे आपले काम नव्हे” म्हणू नका.

तो मुलगा आता इंदापुरात मोबाईल दुरुस्त करतो, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून. मी माफी मागायला गेलो. तो हसला आणि माझ्या हातातला फोन घेण्याआधी म्हणाला, “सर, या खुर्चीवर नका बसू, प्लास्टिकची आहे. त्या लाकडी बाकावर बसा.”