मूर्तीचा सातबारा
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)





आज आम्ही आपल्यापुढे एका अपरिचित अभ्यासक्रमाची माहिती ठेवणार आहोत. इटलीत अमेलिया नावाचे एक जुने, लहानसे गाव आहे. तेथे 'असोसिएशन फॉर रिसर्च इन्टू क्राइम्स अगेन्स्ट आर्ट' या संस्थेने २००९ साली पदव्युत्तर पातळीवरचा एक उन्हाळी अभ्यासक्रम सुरू केला. विषय आहे कलावस्तूंविषयीचे गुन्हे. मूर्तींची चोरी, बनावट चित्रे, प्राचीन स्थळांची व युद्धकाळातील लूट, त्यासंबंधीचे कायदे, संग्रहालयांची सुरक्षा हे सारे तेथे शिकविले जाते. दूर इटलीतल्या या शिक्षणाशी आपला काय संबंध, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर नालंदा हे आहे.

१९६१ साली नालंदा येथील पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयातून चौदा धातुमूर्ती चोरीस गेल्या. त्यांत भूमिस्पर्श मुद्रेतील भगवान बुद्धांची, चांदीचे जडावकाम असलेली, बाराव्या शतकातील एक मूर्ती होती. मार्च २०१८ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिच्ट येथील व्यापारी प्रदर्शनात ती विक्रीस मांडलेली दिसली. वर सांगितलेल्या संस्थेच्या लिंडा अल्बर्टसन आणि 'इंडिया प्राइड प्रोजेक्ट'चे विजय कुमार यांनी ती ओळखली. लंडनच्या पोलिसांनी तपास केला आणि १५ ऑगस्ट २०१८ रोजी ती मूर्ती आपल्या उच्चायुक्तांच्या स्वाधीन केली. सत्तावन्न वर्षांनी हे घडले.

मूर्ती ओळखली कशी? जुन्या छायाचित्रांवरून. बुद्धमूर्ती सगळ्या सारख्याच, असे आपण सहज म्हणतो. परंतु मेणाचा नमुना वितळवून केलेल्या ओतकामात साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकमेव असते. छायाचित्र नसते, तर ती मूर्ती आपली आहे हे सिद्ध करणे फार कठीण झाले असते.

आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. घर तारण ठेवून कर्ज मागायला कुणी आला, की आधी घर कसे आहे हे न पाहता कागद पाहिले जातात. हे घर कुणाकडून कुणाकडे, कोणत्या साली, कोणत्या दस्ताने आले? मधला एक दस्त सापडत नसेल तर प्रकरण तेथेच थांबते. कलावस्तूच्या अशा साखळीला तिकडे 'प्रोव्हेनन्स' म्हणतात. आम्ही आपल्या भाषेत तिला मूर्तीचा सातबारा म्हणतो. अमेलियाच्या वर्गात हा सातबारा वाचायला आणि त्यातला खोटा फेरफार पकडायला शिकवितात.

मित्रांनो, चोर मूर्ती उचलतो, पण ती मोठ्या किमतीला विकली जाते ती कागदामुळे. न्यूयॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर याला २०११ साली जर्मनीत अटक झाली, २०१२ साली भारतात आणले गेले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. कायदा आपल्याकडेही आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खाजगी व्यक्तीला पुरावस्तू परदेशी नेता येत नाही. पण ज्या वस्तूची नोंदच नाही, तिच्यासाठी कायद्याने कुणाचा हात धरावा?

आता आपल्या दाराशी येऊ. देहूरोडच्या विहारात पूज्य बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. कुणी, कुठून, केव्हा, हे तिन्ही आपल्याला ठाऊक आहे. आपल्या वस्तीतल्या विहारातील मूर्तीबद्दल इतके सांगता येईल का? दान देणारी पिढी थकली. तिच्याबरोबर ही माहितीही जाईल.

म्हणून आमची एक सूचना आहे. प्रत्येक विहाराने एक नोंदवही करावी. १९९७ साली 'ऑब्जेक्ट आयडी' नावाची एक जागतिक पद्धत ठरली, ती अगदी साधी आहे. मूर्तीचे चारी बाजूंनी, शेजारी फूटपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. उंची, रुंदी, धातू की दगड, कोरलेली अक्षरे लिहावीत. कुठे टवका उडाला असेल, तडा असेल, तर तो आवर्जून लिहावा. जो दोष आपण फुलांनी झाकतो, तोच मूर्तीच्या ओळखीचा पक्का पुरावा असतो. शेवटी दात्याचे नाव व तारीख लिहावी. वहीची एक प्रत विहारात आणि एक बाहेर ठेवावी.

दुसरे असे, की कुणी 'फार प्राचीन मूर्ती आहे, स्वस्तात देतो' म्हणून आला, तर कागद पाहिल्याशिवाय धम्मदानाचा एक रुपयाही देऊ नये. घेणारा श्रद्धेने घेतो, पण त्याच पैशावर चोर पुढच्या लेण्याकडे वळतो. अदत्त वस्तू न घेण्याचे शील आपण रोज उच्चारतो. ते येथेही लागू आहे.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो, की इतिहास, पाली, कायदा किंवा हिशेब, यांपैकी काहीही शिकलात तरी या कामात तुमची जागा आहे. नालंदाच्या चौदापैकी एका मूर्तीचीच ही हकीकत आम्ही सांगितली. उरलेल्यांचा सातबारा वाचणारा कुणी या सभागृहातून निघावा, अशी अपेक्षा व्यक्त करतो आणि आमचे चार शब्द संपवितो.

नमो बुद्धाय. जय भीम.