न दुखणारी जखम



आम्ही डॉक्टर नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे कामगार संघटनेच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. मग मज्जातंतूंवर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, या विषयाच्या अज्ञानापायी एका माणसाचा हात कामातून गेला, आणि त्यात आमचाही दोष होता.

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका भातगिरणीतला हमाल आमच्या कचेरीत विडी ओढत बसला होता. बोलता बोलता कातडी करपल्याचा वास आला. विडी जळत बोटांपर्यंत आली होती आणि त्याला पत्ताही नव्हता. मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता. ठेकेदार कामावरून काढील या भीतीने त्याने तो दोन वर्षे बाहीखाली झाकला होता. आम्ही काय केले? त्याच्या थकलेल्या मजुरीचा अर्ज लिहून घेतला, आणि तो गेल्यावर त्याचा पाण्याचा पेला बाजूला ठेवला. दवाखान्यात मात्र नेले नाही.

त्या हातात काय चालले होते? स्पर्श जाणणाऱ्या मज्जापेशीचे मुख्य अंग पाठीच्या कण्यापाशी असते आणि तिचा एकच धागा थेट बोटाच्या टोकापर्यंत जातो. त्या धाग्याचे पोषण मुख्य अंगाकडूनच होते. 1850 साली वॉलर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने बेडकाच्या जिभेचे तंतू कापून पाहिले. कापलेल्या जागेच्या पुढचा भाग झडून गेला. पेशीशी जोडलेला भाग जगला.

या धाग्याभोवती दुसऱ्या पेशींचे वेष्टन असते. त्यांना एका जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून श्वान पेशी म्हणतात. आपल्याकडे श्वान म्हणजे कुत्रा, आणि या पेशी राखणदारीच करतात! धागा तुटला की त्या मोडतोड साफ करतात आणि रिकामी वाट जपून ठेवतात. त्या वाटेने नवा कोंब रोज सुमारे एक मिलिमीटर पुढे सरकतो. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला त्याला वर्षाहून अधिक काळ लागतो.

कुष्ठरोगाचा जंतू, जो नॉर्वेच्या हॅन्सनने 1873 साली दाखवला, नेमका या राखणदारांच्याच घरात शिरतो. त्याला शरीराच्या थंड जागा मानवतात. म्हणून कोपराची शीर, जिला धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ती पुष्कळदा सापडते. शीर सुजते, आवळली जाते, आत वण धरतो. मग कोंबाला वाटच उरत नाही.

बोटे जंतू खातो, असे लोक समजतात. ते खरे नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, बधिर हाताला चटके बसतात, जखमा होतात, त्या चिघळतात आणि बोटे झिजतात. वेदना म्हणजे शरीराची तक्रार. जिथे तक्रार पोचत नाही तिथे इजा वाढत जाते. हे गिरणीत खरे, तसेच हातातही खरे.

आपल्या जिल्ह्यात हे कोणाला नवे नसावे. वरोऱ्यात सफाई कामगारांची संघटना बांधणारे बाबा आमटे रस्त्यावरच्या एका कुष्ठरोग्याला पाहून प्रथम घाबरून दूर झाले होते. ती भीती त्यांनी लपवली नाही. 1949 साली महारोगी सेवा समिती निघाली, आनंदवन उभे राहिले, आणि ज्यांना भीक मिळायची त्यांच्या हाती काम आले.

1980 नंतरच्या बहुविध औषधांनी हा रोग बरा होतो. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. उपचार सुरू होताच संसर्गाची भीती संपते. ताजी सुजलेली शीरही वेळीच दिलेल्या औषधाने पुष्कळदा वाचते. 1898 चा कुष्ठरोग्यांचा कायदा 2016 साली रद्द झाला. 2019 पासून हा रोग घटस्फोटाचे कारण राहिला नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र अजूनही नवे रुग्ण सापडतात, आणि चट्टा बाहीखाली झाकला जातो.

त्या हमालाला पुढे आमच्या एका सहकाऱ्याने दवाखान्यात नेले. गोळ्यांनी रोग गेला. बोटे मात्र वाकली ती वाकलीच. उशीर झाला होता. तो उशीर काही अंशी आमचा होता.

म्हणून मागणे एवढेच. तेंदूपत्ता तोडणारा, बांबू कापणारा, खाणीत उतरणारा, आपल्या घरी भांडी घासणारी बाई, यांच्यापैकी कोणाच्या अंगावर न दुखणारा, न खाजणारा फिकट चट्टा दिसला, तर पेला वेगळा ठेवू नका. त्याच पेल्यातून पाणी द्या आणि त्याच दिवशी सोबत दवाखान्यात जा.