वेदी आणि तराजू



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपण यथाशक्ति अर्पणें घेऊन वेदीपुढें आलों आहों. देवाला कोणतें अर्पण रुचतें, हें पवित्र शास्त्रांतच पाहूं या.

लेवीय ग्रंथाचे आरंभींचे अध्याय अर्पणांच्या नियमांनीं भरलेले आहेत. त्यांत गरिबाचा विसर पडलेला नाहीं. ज्या बाळंतिणीस कोंकरूं परवडत नसे, तिनें दोन होले किंवा पारव्याचीं दोन पिलें आणावीं, असा १२ व्या अध्यायांत नियम आहे. बाळ येशूला यरुशलेमच्या मंदिरांत नेलें, तेव्हां पवित्र मरियेनें व संत योसेफानें हेंच गरिबांचें अर्पण वाहिलें.

त्याच ग्रंथाच्या १९ व्या अध्यायांत पवित्र होण्याची आज्ञा आहे, आणि ती आपणांस वेदीपासून थेट शेतांत व बाजारांत नेते. कापणीच्या वेळीं शेताची कड गरिबांकरितां राखावी. मजुराची मजुरी रात्रभर अडवूं नये. तराजू व मापें खरीं असावीं. तेव्हां खोट्या मापाचा पैसा दानपेटींत टाकल्यानें शुद्ध कसा होईल? प्रभु येशूनेंही, भावाचें मन दुखावलें असल्यास अर्पण वेदीपुढेंच ठेवून आधीं समेट करावा, असें शिकविलें.

म्हणून आज घरीं परततांना आपण मनाशीं विचारूं या: कोणाची मजुरी आपल्याकडे थकली आहे काय? बांधावरून कोणा भावाशीं अबोला आहे काय? तें देणें फेडून, तो अबोला सोडून पुढील रविवारीं मिस्साला येऊं या. मग आपलें अर्पण होल्यांच्या जोडीएवढें लहान असलें, तरी देव तें आनंदानें स्वीकारील.